सम्राटाच्या गाडीतलं जेवण

बाबा स्वयंपाकघरातून डबा घेऊन बाहेर आले तेव्हा यामिनी दारापाशी उभी राहून चपलेत पाय सरकवत होती. डबा बघून तिचा पाय तसाच राहिला. दोन पुडांचा स्टीलचा डबा, कडीला फडकं गुंडाळलेलं, आणि बाबांच्या मनगटावर पेजेचा एक ओघळ वाळून पांढरा झालेला. "गुरगुट्या भात केलाय," ते म्हणाले. "वर तूप आहे. मेतकूट खालच्या पुडात. गरम आहे तोवर दे तिला, गार झाला की त्याचा गोळा होतो." तिने डबा हातात घेतला. दुसरं काय करणार होती? ब्याऐंशी वर्षांचा हा माणूस. उभा जन्म रेल्वेत साहेबकी केली, गार्डन रीचच्या कचेरीत एक हाक मारली की चार माणसं उभी राहायची, आणि घरात साखरेचा डबा कुठल्या फळीवर असतो हे कधी ठाऊक नव्हतं. तो सकाळी उठून भात शिजवतो, तोही खाली लागू न देता, म्हणजे त्याच्या मनात काय काय उभं राहिलं असेल, हे तिला त्या ऊनऊन कडीवरून कळलं. आणि ज्या बाईसाठी तो भात होता ती, म्हणजे यामिनीची आई, आदल्या दिवशी पहाटे हॉस्पिटलात गेली होती. गेली म्हणजे वारली. मध्य कोलकात्यात एका धर्मादाय ट्रस्टचं शवागार आहे, तिथल्या थंड खोलीत ती काल दुपारपासून होती, आणि हे बाबांना कुणी सांगितलं नव्हतं.

सांगायचं नाही असं अनीशने ठरवलं होतं. अनीश म्हणजे धाकटा भाऊ, टोरोंटोला असतो. त्याला तिने पहाटे हॉस्पिटलच्या जिन्यात उभं राहून फोन केला तेव्हा तो आधी रडला आणि मग एकदम शहाण्यासारखं बोलायला लागला. रडून झालेली माणसं फार शहाण्यासारखं बोलतात. "ताई, बाबांना आत्ता सांगू नकोस. मागच्या वर्षी त्यांना काय झालं होतं आठवतंय ना? मी येतो, दोघं मिळून सांगू. तू एकटी काय करणार आहेस?" बाबांच्या छातीत पेसमेकर बसवून वर्ष व्हायचं होतं, त्यामुळे त्याचं म्हणणं चूक होतं असं नाही. यामिनीचा नवरा केदार गुवाहाटीला बँकेत बदलीवर. तो सकाळच्या विमानाने आला, धावपळ करून त्याने आईला शवागारात नेलं, आणि संध्याकाळी परतही गेला, कारण ऐन आठवड्यात जावई दारात दिसला असता तर बाबांना सांगायला दुसरं काही लागलं नसतं. मग ती बेहालाच्या ह्या फ्लॅटवर आली. न्यू टाउनच्या आपल्या घरून चार कपडे आणून, आईला हॉस्पिटलात ठेवल्यापासून ती इथेच राहत होती. बाबा दिवाणखान्यात माकडटोपी घालून बसले होते. त्यांनी नुसतं वर बघितलं. त्या बघण्यापुढे तिला "तशीच आहे" असंसुद्धा म्हणवेना. ती म्हणाली, "बरी आहे. आय.सी.यू.मधून वॉर्डात हलवलंय." इतकं सोपं होतं ते. बाबांचे खांदे खाली आले. "वॉर्डात?" ते म्हणाले. "मग आता घरचं चालेल." खोटं बोलायला बसलं की पुढचं खोटं आपसूक पानात पडतं. फोनवर बोलू म्हणाले, तर नळीने घसा सोलवटलाय, डॉक्टरांनी बोलायला मनाई केलीय, असं तिने सांगितलं. मी येऊ का म्हणाले, तर डॉक्टर म्हणतात थंडीत तुम्ही बाहेर पडायचं नाही. सगळं पटण्यासारखं होतं. बाबा सगळ्याला मान हलवत गेले.

टॅक्सीत डबा मांडीवर घेऊन बसल्यावर तिला कुठे जायचं हेच सांगता येईना. ड्रायव्हरने आरशातून दोनदा विचारलं. जायचं होतं खरं म्हणजे कामावर. दक्षिण कोलकात्यातल्या एका खाजगी संग्रहालयात ती प्रदर्शनं लावायची, आणि येत्या महिन्यात तिथे चीनच्या जुन्या राजांच्या कबरींचं प्रदर्शन होतं. फोटो, नकला, नकाशे, आणि भिंतीवरचा मजकूर. मजकूर तिचा. गेले चार महिने ती सकाळ-संध्याकाळ मेलेल्या राजांत होती. मेल्यावर शरीर टिकावं म्हणून त्या लोकांनी काय काय केलं होतं! हिरव्या जेड दगडाच्या चकत्या सोन्याच्या तारेने एकमेकींना शिवून डोक्यापासून पायांपर्यंतचा अंगरखा. नाकात, कानांत, शरीराच्या नवाही दारांत जेडची बुचं. जिभेवर दगडातून कोरलेला एक किडा, रातकिड्यासारखा, जमिनीतून पुन्हा वर येणारा. आणि हजारो वर्षांनी तो अंगरखा उघडला तेव्हा आत चिमूटभर माती. पण एका सरदाराच्या बायकोला त्यांनी रेशमाच्या थरांवर थर गुंडाळून, पेटीत पेटी घालून, भोवती कोळसा आणि पांढरी माती ठासून पुरलं होतं, तर ती बाई जशीच्या तशी निघाली. कोपर वाकवलं तर वाकत होतं. पोटात खरबुजाच्या बिया होत्या. मरायच्या आधी खरबूज खाल्लं होतं तिने, आणि बिया थुंकून टाकण्याइतकी सवड काढली नव्हती. यामिनीला तो तपशील फार आवडायचा. तो तिने आईलाही सांगितला होता. आई म्हणाली होती, "हावरी असेल."

पण सगळ्यांत जास्त तिच्या मनात बसला होता तो चीनचा पहिला सम्राट. अमर व्हायचं औषध शोधत हिंडणारा हा गडी दौऱ्यावर असताना वाटेतच गेला. राजधानी लांब, दिवस उन्हाळ्याचे. बरोबरच्या प्रधानाला आणि एका खोजाला धसका बसला की बातमी फुटली तर गादीसाठी एकच रण माजेल. म्हणून त्यांनी ठरवलं, राजधानी येईपर्यंत सम्राट जिवंत आहे. झाकलेल्या गाडीचे पडदे ओढले. रोज नेमल्या वेळी जेवणाचं ताट आत जायचं. कारभारी गाडीपाशी येऊन अर्ज वाचून दाखवायचे आणि आत बसलेला खोजा सम्राटाच्या वतीने होकार-नकार द्यायचा. उन्हाने वास सुटायला लागला तेव्हा खारवलेल्या मासळीच्या गाड्या बरोबर जोडल्या, म्हणजे कुठला वास कुठून येतो हे कळू नये. प्रदर्शनाची तयारी बघायला आलेल्या विश्वस्तांपैकी एकाने हा मजकूर वाचून नाक मुरडलं होतं. सम्राटाच्या दालनात मासळी कशाला, फार घरगुती वाटतं, असं त्याचं म्हणणं. यामिनीने मजकूर काढला नव्हता. तिला एकच गोष्ट खटकत राहायची आणि ती कुठल्याच साधनात मिळत नव्हती. आत गेलेलं ते जेवण खात कोण होतं? ताट रिकामं बाहेर यायला हवं. भरलेलं परत आलं असतं तर त्याच दिवशी बोभाटा झाला असता. म्हणजे कुणीतरी त्या बंद गाडीत, त्या उन्हात, त्याच्या शेजारी बसून जेवत होतं.

शेवटी ती शवागाराशी उतरली. मनाने ठरवलं नव्हतं, डब्याने ठरवलं म्हणा हवं तर. 'आईला दे' म्हणून दिलेली वस्तू घेऊन माणूस आईकडेच जातो. फाटकाच्या आत छोटंसं अंगण, एक कडुनिंब, आणि त्याखाली सिमेंटचा बाक. दरवानाने आत जाणार का म्हणून बंगालीत विचारलं, तर तिने मान हलवून नाही म्हटलं. काल एकदा बघितलं होतं. पांढऱ्या चादरीत गुंडाळलेली, ओळख पटावी म्हणून पायाच्या अंगठ्याला चिठ्ठी. हे शहर म्हाताऱ्यांचं होत चाललंय. ज्यांची मुलं दूरदेशी आहेत ते इथे येऊन मुलांची वाट बघत थांबतात. कुणी दोन दिवस, कुणी चार. तिने पलीकडच्या बाकावरच्या माणसाकडे बघितलं, तोही कुणाच्या तरी विमानाची वाट बघत फोनवर बोट फिरवत होता. डब्याची ऊब अजून मांडीला लागत होती. कालपासून पोटात चहाबिस्किटांशिवाय काही नव्हतं. तिने झाकण उघडलं, वाफ तोंडावर आली, आणि तिला इतकी भूक लागली की लाज वाटली. भातावर तूप पिवळंधमक साचलं होतं. तिने मेतकूट कालवलं आणि बोटांनी खाल्लं, भराभर, पुसून. मीठ जास्त झालं होतं. बरंच जास्त. ते मीठ जिभेवर घेऊन तिने त्या बंद दाराकडे बघितलं आणि तिला खोजा आठवला.

घरी आली तेव्हा बाबा गॅलरीत उभे होते. डबा हातातून घेतला, हलवून बघितला, झाकण उघडून बघितलं. "संपवलान?" त्यांच्या आवाजात असं काही होतं की यामिनीने दुसरीकडे बघितलं. "काय म्हणाली?" आता इथे 'छान झालाय म्हणाली' असं कुणीही म्हणेल. पण तसं म्हटलं असतं तर बाबांनी पाच मिनिटांत ओळखलं असतं. आई तशी नव्हतीच. उभ्या आयुष्यात तिने समोर ठेवलेल्या पदार्थाला नुसतं चांगलं म्हटलं असेल तर शपथ. लग्नाच्या पंक्तीत जिलबीचा पाक, शेजारच्या बंगाली काकूंच्या पायसात तांदूळ, सगळीकडे तिला काहीतरी उणं सापडायचंच. लहान यामिनीला एकदा ती जादूघरात घेऊन गेली होती, म्हणजे मोठ्या म्युझियममध्ये, आणि तिथल्या इजिप्तच्या ममीसमोर उभी राहून बराच वेळ बघत राहिली होती. यामिनीला वाटलं आई घाबरली. मग आई म्हणाली, "एवढा खटाटोप करून शेवटी बघायला कोण, तर आपण. बिचाऱ्याला धड निजूही देत नाहीत." तर असल्या आईचा निरोप सांगायचा होता. यामिनी म्हणाली, "मीठ जरा जास्त झालंय म्हणाली." बाबा हसले. कित्येक दिवसांत हसले नव्हते तसे, गाल वर जाऊन डोळे मिटेपर्यंत. "म्हणजे बरी होतेय," ते म्हणाले. आणि लगेच स्वयंपाकघरात जाऊन मिठाची बरणी काढून त्यातला चमचा बदलून लहान चमचा ठेवला.

त्या संध्याकाळी यामिनीला झोपेसारखं काहीतरी यायला लागलं, बसल्या जागी. थंडीचे दिवस, खाली रस्त्यावर नवीन गुळाची संदेश मिठाई विकणाऱ्याची घंटा, आणि बाबा आतल्या खोलीत आईच्या बाजूची गादी उन्हाला दिली होती ती घालून घेत होते. तिला वाटलं, मला वाईट वाटायला हवं होतं. वाटत होतंही, पण त्याच्या कडेने दुसरंच काहीतरी सरकत होतं आणि ते सुखाचं होतं. आईच्या आवाजात बोलायला तिला जमत होतं. इतकं बिनबोभाट जमत होतं की जणू आई गेलीच नव्हती, फक्त पडदा ओढून आत बसली होती आणि बाहेर काय सांगायचं ते यामिनीवर सोपवलं होतं. चार महिने ती लिहीत होती की ह्या लोकांना शरीर टिकवायचं होतं. तिला पहिल्यांदा वाटलं की शरीर त्यांना नकोच असेल. शरीर आत कोळशात, मातीत कसंही पडू दे. बाहेरच्यांना हवा असतो तो होकार-नकार. राजा जेवला, राजा म्हणाला. ते चालू राहिलं की बास. आणि ते चालू ठेवायला जो आत बसतो त्याला काय वाटत असेल, हे आता तिच्याखेरीज कोण सांगणार होतं? त्याला आधी घाम फुटत असेल. मग हळूहळू चटक लागत असेल.

गुरुवारी बाबांनी मूग घालून मऊ खिचडी केली. सकाळी सहापासून त्यांची खुडबुड चालली होती. तिला उठवलंसुद्धा नाही, नुसते फोडणीचे वास येत होते, एकदा हिंग करपल्याचा आणि मग पुन्हा नवीन. यामिनी बाकावर जाऊन बसली आणि तिने डबा खाल्ला. मीठ बेताचं होतं. खिचडी खरोखरच चांगली झाली होती, आणि ते तिला सोसेना, कारण आईला ती कधी कळणार नव्हती. पन्नासच्या वर वर्षं ह्या बाईने नवऱ्याला वाढलं. नव्या नवरीची ती पुण्याहून ह्या परक्या गावात आली, भाषा येईना, मासळीच्या वासाने उलट्या व्हायच्या. हळूहळू तीच बाजारात जाऊन बंगालीत घासाघीस करायला लागली, आणि बाबा कचेरीतून येऊन ताटावर बसायचे. बसायचे आणि उठायचे. आजारी असली तरी. यामिनीला आठवतं, एकदा आईला चांगला ताप होता आणि बाबा ताटासमोर बसून नुसते वाट बघत होते. रागावून नाही, साळसूदपणे, सूर्य उगवायची वाट बघावी तसे. आई उठली. तेव्हा ताटात भात वाढताना ती पुटपुटली होती, "माझ्या वेळी कोण उठणार आहे कुणास ठाऊक." हे आठवलं आणि यामिनीचा घास हातातच राहिला. उठले होते की बाबा. कालपासून उठत होते. फक्त एक दिवस उशिरा.

त्या दिवशी ती घरी आली आणि तिने नको ते केलं. बाबांनी "काय म्हणाली?" विचारताच ती म्हणाली, "छान झालीय म्हणाली. तुमच्या हाताला चव आहे म्हणाली." का म्हणाली ती असं? आईच्या वतीने काहीतरी फेडायचं म्हणून, की बाबांना द्यायचं म्हणून, की आई अशी असती तर बरं झालं असतं म्हणून? बाबा खुर्चीत बसले, चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाले, "घरी आल्यावरही मीच करणार आहे. सांग तिला." आणि ते उठून फोनकडे गेले. ओळखीच्या सुताराला त्यांनी शनिवारी सकाळी बोलावलं. न्हाणीघरात कमोडच्या बाजूला धरायला दांडा बसवायचा, कॉटचे पाय थोडे कापून ती ठेंगणी करायची, म्हणजे हिला चढउतर करायला त्रास नको. हिंदी-बंगालीची खिचडी करत ते सुताराला मापं सांगत होते आणि यामिनी भिंतीला टेकून ऐकत होती. तिने आईला दगडात शिवायला घेतलं होतं, हे तिला तेव्हा लख्ख दिसलं. चकतीवर चकती लावून एक गोड बोलणारी आई ती तयार करत होती, आणि आत खरी, उणं काढणारी, 'हावरी असेल' म्हणणारी आई मातीमोल होऊन चालली होती. त्या दगडी आईला बाबा आता घरी आणायला निघाले होते. हे आता थांबवलं नाही तर बाबांना एकीच्या नव्हे, दोघींच्या जाण्याचं दुःख करावं लागेल.

थोड्या वेळाने अनीशचा फोन आला. तिकडे बर्फ, विमानतळ बंद, त्यानंतरचं विमान मिळालं तरी इकडे दिल्लीला धुकं. "रविवार उजाडेल ताई. नाहीतर सोमवार. ठेवता येईल ना तोवर?" यामिनी म्हणाली, "ठेवायला काय, दोन हजार वर्षंही ठेवतात." तिकडून तो मग म्हणाला, "असं काय बोलतेस?" ती म्हणाली, "चुकलं माझं. पण मी उद्या बाबांना सांगणार आहे." तो म्हणाला की त्यांना काही झालं तर. ती म्हणाली, "झालं तर होईल. पण अनीश, त्यांची बायको गेलीय, आणि ते शीळ घालतायत. मला नाही ते बघवत." शीळ खरंच ऐकू येत होती, आतल्या खोलीतून, सुरात नसलेली. अनीशलाही ती ऐकू गेली असावी. तो म्हणाला, "सांग मग."

शुक्रवारी सकाळी ती स्वयंपाकघरात गेली तेव्हा बाबा कुकरची शिट्टी व्हायची वाट बघत ओट्यापाशी उभे होते. डबा धुऊन, पुसून तयार. खिडकीतून धुकं आत येऊ बघत होतं. तिने सांगायचं कसं ह्याचा खूप विचार केला होता, बाबांना आधी बसवायचं, गोळी हाताशी ठेवायची, डॉक्टरांचा नंबर काढून ठेवायचा. गोळी आणि नंबर होते. बसवायचं राहिलं. ती म्हणाली, "बाबा, आज डबा नको."

"का? शुक्रवार म्हणून? तिथेसुद्धा उपास धरलान की काय हिने?"

"आई नाहीये बाबा. मंगळवारी पहाटेच गेली."

कुकरची शिट्टी झाली. बाबांनी हात पुढे करून गॅस बंद केला आणि कुकरवर हात ठेवायला गेले, तिने तो धरला. हात थंड होता. ते हळूच येऊन जेवणाच्या टेबलाशी बसले. ती समोर बसली, गोळीची पट्टी मुठीत घेऊन. त्यांचा श्वास मोजत. श्वास चालला होता. तिला वाटलं होतं ते ओरडतील, किंवा कोसळतील, आणि दोन्हींची तयारी तिने केली होती. तसं काही झालं नाही, तेव्हा तिलाच आता काय करावं ते कळेना.

"मंगळवारी," ते म्हणाले. "मग बुधवारचा भात?"

"मी खाल्ला."

"कालची खिचडी?"

"तीही मीच."

"मीठ जास्त झालं होतं म्हणालीस."

"ते खरं होतं, बाबा. जास्तच झालं होतं."

त्यांनी मान हलवली. तेवढं खरं निघालं ह्याचं त्यांना बरं वाटलेलं दिसलं. "आणि काल ते म्हणाली ते? हाताला चव आहे ते?" यामिनीने मुठीतली गोळीची पट्टी टेबलावर ठेवली. तिने नुसतं त्यांच्याकडे बघितलं. "हं," ते म्हणाले. "मी रात्री म्हटलंसुद्धा, ही असं बोलायची नाही कधी. मग मला वाटलं, आजारपणाने जरा मऊ झाली." आणि आता त्यांचा चेहरा हलला, हनुवटीपासून, लहान मुलाचा हलतो तसा. ते रडले. आवाज न करता, टेबलावरच्या मेणकापडाकडे बघत. यामिनी उठून त्यांच्यामागे उभी राहिली आणि तिने त्यांच्या टोपीवर हात ठेवला. तिला स्वतःला अजून रडू येत नव्हतं, त्याचा तिला फार राग आला.

डोळे पुसून त्यांनी विचारलं, "कुठे आहे ती?" तिने सांगितलं. अनीश येईपर्यंत थांबायचं ठरलंय, अग्नी द्यायला मुलगा हवा म्हणून, हेही सांगितलं. बाबांनी मागे वळून तिच्याकडे बघितलं. कचेरीत चुकीची फाइल पुढे आली की बघायचे, तसं. "मुलगा कशाला? मी आहे ना. नवरा घरात धडधाकट बसलाय आणि तुम्ही मुलाच्या विमानाची वाट बघताय." ती म्हणाली, "तुमच्या हृदयाची काळजी होती बाबा." ते म्हणाले, "त्याला काय झालंय? चाललंय ते." हे दोघा भावंडांच्या डोक्यात आलं नव्हतं. शिकलेली दोघं, एक टोरोंटोत आणि एक सम्राटांची शास्त्रं तोंडपाठ करून बसलेली. आईचा नवरा जिवंत आहे, हे साफ विसरली होती.

"काय नेसवलंय?" त्यांनी विचारलं.

"हॉस्पिटलची चादर आहे."

"सवाष्ण गेली आहे ती," ते म्हणाले आणि उठले. आईच्या कपाटापुढे उभे राहिले. आजवर ते त्यांनी उघडलं नसावं, कारण किल्ली कुलपातच असूनही त्यांनी दोनदा दार ओढलं. यामिनी पुढे झाली तर त्यांनी हातानेच थांब म्हणून सांगितलं. एकेक घडी उचलून बाजूला ठेवत त्यांनी हिरवी साडी शोधली. दोन निघाल्या. एक बऱ्यापैकी नवी होती, दुसरीचा काठ विरलेला. त्यांनी विरलेली घेतली. "ही तिला आवडायची," ते म्हणाले, आणि मग जरा थांबून, "म्हणजे नेहमी नेसायची." साडी कॉटवर ठेवून ते तिच्या शेजारी बसले. अनीशला कळव म्हणाले, त्याने सावकाश यावं, घाई करू नये, आपण आज नेतोय. केदारला जमलं तर ये म्हणावं. बाकी कुणाला सध्या नको.

मग त्यांनी उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवायला सुरुवात केली. कोलकात्याच्या मराठी लोकांत कुणाकडे काही झालं की दिवसांचं, तिथीचं विचारायला बाबांनाच फोन यायचा. गावात गुरुजी मिळायची मारामार, आणि बाबांचा हिशोब कधी चुकत नसे. कितीतरी घरांचे दिवस त्यांनी फोनवरून सांगितले होते, अशाच आवाजात.

"दहा दिवसांच्या आत कळलं," ते म्हणाले, "तर नवे दहा लागत नाहीत. उरलेलेच पाळायचे. मंगळवार, बुधवार, गुरुवार गेले. मला सात आले."

यामिनी त्यांच्या पायांशी जमिनीवर बसली. "बाबा, ते तीन दिवस मी..." ती म्हणाली.

"लग्न झालेल्या मुलीला आईचं सुतक तीनच दिवस," बाबा म्हणाले. ते रागावलेले नव्हते. कुणी फोनवर विचारलं असतं तर जसं नीट समजावून सांगितलं असतं, तसं ते तिला सांगत होते. "तुझं काल संपलं. तू मोकळी झालीस." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "आजपासून मला चालणार नाही. देवांची पूजा तेवढी तू कर."